ज्याचं स्वप्न, त्याचा अर्थ

स्वप्न पडलं की ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि सांगितलं की ऐकणाऱ्याकडे उत्तर तयार असतं. साप दिसला, तर पैसा येणार. लग्न दिसलं, तर वाईट बातमी. जिवंत माणूस मेलेला दिसला, तर त्याचं आयुष्य वाढलं. दात पडले, तर घरातलं कुणी जाणार. पहाटेचं स्वप्न असेल, तर ते खरं होणारच. ही उत्तरं आमच्या अड्याळात मिळतात, तशीच पुण्यात आणि पणजीतही मिळतात. आजीकडून मिळतात, पंचांगाच्या मागच्या पानांवर छापलेली मिळतात आणि आता मोबाइलवर एका क्षणात मिळतात. ती देणारं माणूस बहुतेक वेळा प्रेमानेच देतं. मात्र उत्तर द्यायच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न राहून जातो: तुझं सध्या काय चाललंय?

हे पुस्तक त्या एका प्रश्नावर उभं आहे. स्वप्नाला अर्थ असतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. तो अर्थ स्वप्न पाहणाऱ्याच्या आयुष्यात शोधावा लागतो, यावरही तेवढाच आहे. एकच साप सर्पमित्राच्या स्वप्नात येतो, धानाच्या बांधीत अनवाणी उतरणाऱ्या बाईच्या स्वप्नात येतो आणि नागपंचमीला दूध घेऊन जाणाऱ्या आजीच्याही स्वप्नात येतो. तिघांचा साप वेगळा असतो. तिघांना एकच अर्थ सांगणारा माणूस तिघांपैकी एकाचंही ऐकत नसतो.

स्वप्नांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे आणि त्यात सुरुवातीपासून दोन धारा दिसतात. पहिली शकुनाची. स्वप्न हा पुढे घडणाऱ्या गोष्टीचा संकेत, आणि तो वाचायला जाणकार हवा. बुद्धांची आई मायादेवी हिने स्वप्नात पांढरा हत्ती पाहिला आणि पती शुद्धोदनाने ब्राह्मणांना बोलावून अर्थ विचारला; होणारा मुलगा चक्रवर्ती होईल किंवा बुद्ध होईल, असं त्यांनी सांगितलं. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात हा प्रसंग रंगवलेला आहे. जैन परंपरेत महावीरांची आई त्रिशला चौदा स्वप्नं पाहते, दिगंबर परंपरेत सोळा. अथर्ववेदाच्या परिशिष्टांत स्वप्नाध्याय आहे, आणि जगद्देवाचा ‘स्वप्नचिंतामणी’ तर पूर्णपणे शुभाशुभ फलांना वाहिलेला आहे. आजचं पंचांगातलं स्वप्नफल याच धारेचं टोक आहे.

दुसरी धारा कारण शोधणारी. स्वप्न कुठून आलं, असा तिचा प्रश्न. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात. ते सगळं पाहणारा स्वतः घडवतो, तोच कर्ता असतो. स्वप्नाची मालकी इतक्या स्पष्टपणे पाहणाऱ्याच्या हाती देणारं हे विधान अडीच हजार वर्षांच्या आसपासचं आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंहवंसं वाटलेलं, मनाने रचलेलं, भविष्य सुचवणारं आणि शरीरातल्या बिघाडातून आलेलं. यातल्या पहिल्या पाचांना काही फळ नसतं, असं हा ग्रंथ बजावतो. ‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन भिक्खूही स्वप्नं पाहणारे सहा प्रकारचे लोक सांगतो, त्यांत वात, पित्त, कफ आणि रोजची सवय येते, आणि भविष्य सुचवणारा प्रकार फक्त एक. पवनी आमच्यापासून जवळ. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969–70च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. ज्या बौद्ध परंपरेने तो स्तूप उभारला, तिच्यातच मायादेवीचा हत्तीही होता आणि नागसेनाचं हे वर्गीकरणही. आपल्या पूर्वजांना दोन्ही धारा ठाऊक होत्या. शकुनाची धारा घराघरात पोचली आणि कारणाची धारा ग्रंथांत राहिली, एवढंच.

मराठीत मात्र तिसरीही एक धारा आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. संतांनी आपली स्वप्नं स्वतः, आपल्या नावानिशी सांगितली. रामदासांची ‘आनंदवनभुवनी’ ही स्वप्नात पाहिलेल्या दृश्याचीच कविता आहे. पण स्वप्नाचा वैयक्तिक अर्थ म्हणजे काय, हे समजून घ्यायचं असेल तर तुकोबांपाशी थांबायला हवं.

तुकोबांची दोन स्वप्नं त्यांच्याच अभंगांतून आपल्याला माहीत आहेत. पहिल्यात गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटतात, मस्तकावर हात ठेवतात, बाबाजी हे आपलं नाव सांगतात, राघवचैतन्य आणि केशवचैतन्य ही आपली परंपरा सांगतात आणि ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र देतात. तो माघ शुद्ध दशमीचा गुरुवार होता. यात एक बारकावा आहे, ज्यावरून आपण सहसा पुढे निघून जातो. गुरू जेवणासाठी पावशेर तूप मागतात, आणि ते द्यायचं तुकोबा स्वप्नातच विसरतात.

पावशेर तूपच का? तुकोबांच्या देहूच्या घराकडे महाजनकी होती, वाण्याचं दुकान होतं. दुष्काळाने पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली, धंदा बुडाला. हेही तुकोबांनीच सांगून ठेवलं आहे. ज्याचं अर्धं आयुष्य तराजूपुढे गेलं, त्याच्या स्वप्नातला गुरूसुद्धा मापाने मागतो. आणि ज्याच्या घरात अन्नावाचून माणूस मेलं, त्याच्या स्वप्नात दाराशी आलेल्याच्या जेवणाची गोष्ट राहून जाते. दुसऱ्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन येतात आणि कवित्वाचं काम सोपवतात. तिथेही माप येतं, ते विठ्ठलाने धरलेलं असतं. तिथेही हिशेब येतो: शतकोटींची संख्या ठरलेली आहे, उरलेली तुक्याने भरून द्यायची. नामदेवांची बाकी तुकोबांच्या खात्यावर येते. ही भाषा कुठल्याही स्वप्नफलाच्या यादीतून आलेली नाही. ती देहूच्या बाजारातून, वहीखात्यातून, दुष्काळातून आलेली आहे. तूप दिसलं तर लाभ, असं कुणी त्यांना सांगितलं असतं तर केवढं काय हातचं गेलं असतं!

हे वाचन माझं आहे. तुकोबांच्या अध्यात्माला ते कुठेही कमी लेखत नाही. उलट ज्याने आयुष्यभर खोटं माप टाकलं नाही, त्याला देवाचा निरोपही मापाच्या भाषेतच कळावा, हे मला फार खरं वाटतं. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तुकोबांनी या स्वप्नांचं फळ येण्याची वाट पाहिली नाही. ते लिहू लागले. स्वप्नाचा अर्थ त्यांनी जागेपणी कामाने पुरा केला.

बहिणाबाईंचं उदाहरण याहून धाडसाचं आहे. 1628 साली वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेली ही ब्राह्मण मुलगी लहानपणीच वयाने खूप मोठ्या बिजवराला दिलेली. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनाची तिला ओढ लागली. घरातल्या गाईचं वासरू तिच्या मागे मागे कीर्तनालाही येई. या सगळ्यावरून नवऱ्याने तिला मारलं. पुढे वासरू गेलं, तिची शुद्ध हरपली, आणि या काळात तुकोबांनी तिला स्वप्नात उपदेश केला. तोवर तिने तुकोबांना पाहिलेलंही नव्हतं. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गुरू करावा, हे नवऱ्याला मान्य होणं शक्य नव्हतं. जागेपणी तिला परवानगी देणारं कुणी नव्हतं, ती स्वप्नाने दिली. पुढे ती देहूला गेली आणि आपलं सगळं आयुष्य तिने अभंगांत सांगितलं. स्वप्न माणसाला त्याच्या जगण्यातली कोंडलेली गोष्ट दाखवतं, हे विसाव्या शतकात मानसशास्त्र सांगू लागलं. बहिणाबाई ते जगल्या होत्या.

जगात इतरत्रही गोष्ट अशीच दोन वाटांनी गेली. दुसऱ्या शतकात आर्तेमिदोरस या ग्रीक लेखकाने स्वप्नांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. तो भविष्यच सांगत असे. पण पाहणाऱ्याचा धंदा, परिस्थिती, चालीरीती विचारल्याशिवाय अर्थ सांगू नये, हा त्याचा नियम होता. सिग्मंड फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ 1899च्या नोव्हेंबरात निघाला, मुखपृष्ठावर मात्र 1900 साल छापलं गेलं. पहिल्या आवृत्तीच्या सहाशे प्रती खपायला आठ वर्षं लागली. दडपलेल्या इच्छा वेषांतर करून स्वप्नात येतात, हा त्याचा सिद्धांत आज जसाच्या तसा फारसं कुणी मानत नाही. त्याची रीत मात्र टिकली: स्वप्नाचा एकेक तुकडा घ्या आणि पाहणाऱ्याला त्यावरून काय काय आठवतं ते बोलू द्या. अर्थ सांगण्याचं काम त्याने वैद्याकडून काढून बरंचसं रोग्याच्या तोंडी दिलं.

कार्ल युंग फ्रॉइडपासून वेगळा झाला. त्याच्या मते स्वप्न लपवाछपवी करत नाही. जागेपणी आपण ज्या बाजूकडे पाठ फिरवतो ती बाजू ते पुढे आणून तोल साधतं. युंगला त्याचा अनुभव भारतातच आला. 1938च्या सुरुवातीला कोलकात्यात आमांशाने तो रुग्णालयात होता. तिथून सुटल्यावर त्याला युरोपातल्या एका पवित्र पात्राच्या शोधाचं स्वप्न पडलं. भारतात बुडून न जाता आपल्या मातीतल्या प्रश्नाकडे परत जा, असा अर्थ त्याने स्वतःपुरता लावला. त्याच कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती. ते फ्रॉइडशी पत्रांतून बरोबरीच्या नात्याने वाद घालत आणि त्यांनी ‘स्वप्न’ हे पुस्तक बंगालीत लिहिलं. आपल्या भाषेत या विषयावर गंभीरपणे लिहिता येतं, हा धडा मी त्यांच्याकडून घेतला.

आमच्या वैनगंगेच्या वरच्या अंगालाही असं काम झालं आहे. बालाघाट आणि मंडला भागातल्या बैगा आदिवासींमध्ये राहून व्हेरियर एल्विन यांनी त्यांची स्वप्नं आणि बैगांनी स्वतः लावलेले अर्थ नोंदवले. 1937 साली त्यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहिला, ‘द बैगा’ हा ग्रंथ 1939चा. जंगलात राहणाऱ्या माणसांना स्वप्नांचं स्वतःचं शास्त्र असतं आणि ते ऐकून घेण्याजोगं असतं, हे त्यांनी मानलं.

मग विषय प्रयोगशाळेत गेला. 1953 साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली एक अवस्था दाखवून दिली, जिच्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. या वेळी उठवलं तर बहुतेक माणसं स्वप्न सांगतात. ही अवस्था साधारण दर दीड तासाने येते, आणि मोठ्या माणसाच्या रात्रीतले सुमारे दोन तास तिच्यात जातात. स्वप्न पडतच नाही म्हणणाऱ्यांनाही बहुधा ती पडत असतात, आठवत नाहीत. पहाटेचं स्वप्न जास्त लक्षात राहतं, कारण ही अवस्था रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते आणि तिच्यातूनच आपल्याला बऱ्याचदा जाग येते. पहाटेच्या स्वप्नाला आपण जो मान देतो, त्याचं मूळ बहुधा इथे आहे.

1977 साली हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी मांडलं की मेंदूच्या खालच्या भागातून उसळणाऱ्या संदेशांना वरचा मेंदू कशीबशी गोष्ट जोडतो, तेच स्वप्न. 1983 साली क्रिक आणि मिचिसन म्हणाले, आपण नको असलेलं विसरण्यासाठी स्वप्नं पाहतो. तेव्हा अर्थ शोधणाऱ्यांची पंचाईत झाली खरी. पण दुसरीकडे केल्व्हिन हॉल यांनी हजारो स्वप्नं गोळा केली आणि त्यांत कोण आलं, कुणी कुणाशी कसं वागलं, काय वाटलं, याची मोजदाद केली. 1966 साली व्हॅन डी कॅसल यांच्याबरोबर त्यांनी त्याची पद्धतही ठरवून दिली. या कामातून दिसलं की माणसाची स्वप्नं त्याच्या जागेपणीच्या काळज्या, नाती आणि कामं यांच्याशी बऱ्यापैकी सलग असतात. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही आपली म्हण त्या मोजमापाला उतरली. दोन्ही बाजू मला पटतात. मेंदू गोष्ट जोडतो हे खरं असेल, पण जोडायला तो सामान कुठून आणतो? आपल्याच घरातून.

आज या पुस्तकाची गरज का आहे? कारण स्वप्नं विकली जातात. स्वप्नात दिसलेल्या वस्तूवरून मटक्याचा आकडा काढणारे आहेत. स्वप्नात गुप्तधन दिसलं म्हणून घरात खड्डे खणवणारे मांत्रिक आहेत, आणि गुप्तधनाच्या नावाखाली होणारी अमानुष कृत्यं थांबवायला महाराष्ट्राला 2013 साली कायदा करावा लागला. वारलेल्या वडिलांनी स्वप्नात जेवायला मागितलं, की घरातले घाबरतात आणि भीतीचा फायदा घेणारा कुणी तरी दारात उभा राहतो. नैवेद्य दाखवून कुणाला बरं वाटत असेल तर त्यात वाईट काही नाही. पण त्या लेकीला कुणी विचारत नाही, बाबांचं शेवटचं जेवण कुणी वाढलं होतं? कदाचित तिला तेवढंच बोलायचं असतं.

या पुस्तकात स्वप्नांची यादी आणि समोर अर्थ, असं काही नाही. ते शोधणाऱ्याने पुस्तक इथेच मिटलं तरी चालेल. इथे आहे ती रीत. उठल्याबरोबर, अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी, स्वप्न जसं आठवतं तसं वर्तमानकाळात लिहायचं. त्यात सर्वांत जोरात काय वाटलं ते लिहायचं. मग आदल्या दिवसाची चार वाक्यं. मग प्रत्येक माणसासमोर, वस्तूसमोर, जागेसमोर आपल्याला त्यावरून काय आठवतं ते. शेवटी एक प्रश्न: हे सगळं मला सध्याच्या कोणत्या गोष्टीसारखं वाटतं?

एक उदाहरण देते. एक गृहस्थ नोकरीसाठी नागपुरात राहतात, गावची शेती ठेक्याने दिलेली. त्यांना आषाढात वारंवार पडणारं स्वप्न असं: रोवणीचा दिवस आहे, बाया आल्या आहेत, परहे (भाताची रोपं) उपटून ठेवले आहेत, पाऊस लागला आहे आणि त्यांना आपली बांधीच सापडत नाही. सगळे धुरे सारखे दिसतात. पाणी दिसलं की शुभ, चिखल दिसला की आजार, असं दोन जणांनी त्यांना सांगून झालं होतं. लिहायला बसल्यावर ते बायांपाशी अडले. बाया काहीच बोलत नाहीत, नुसत्या उभ्या असतात, असं त्यांनी लिहिलं. कुणासारख्या उभ्या असतात? त्यांनी बराच वेळ घेतला आणि लिहिलं: आईसारख्या. आई गावात एकटी होती, तक्रार करत नव्हती, वाट पाहत होती. स्वप्नाने त्यांना नवीन काहीही सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक असलेली पण बाजूला सारलेली गोष्ट पुढे आणून ठेवली होती. ‘हाच अर्थ’ हे त्यांनी स्वतः ओळखलं, म्हणूनच तो अर्थ ठरला. मी तो सांगितला असता तर फार तर अंदाज झाला असता.

दुसऱ्याचं स्वप्न ऐकण्याचीही एक शिस्त इथे सांगितली आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ मॉन्टेग्यू उलमन गटात स्वप्नं ऐकत, तेव्हा त्यांचा नियम होता की ऐकणाऱ्याने ‘तुझ्या स्वप्नाचा अर्थ असा’ म्हणायचं नाही. ‘हे माझं स्वप्न असतं तर मला असं वाटलं असतं’ एवढंच म्हणायचं. घ्यायचं की सोडायचं, हे पाहणाऱ्याने ठरवायचं. ही शिस्त चहाच्या वेळी घरातही पाळता येते, आणि ती पाळली की घरातलं बोलणं बदलतं.

मर्यादाही सांगायला हवी. अपघात, मारहाण, अत्याचार यांनंतर तेच भीतिदायक स्वप्न पुन्हा पुन्हा येत असेल, झोपेचीच धास्ती बसली असेल, तर एकट्याने अर्थ शोधत बसू नये. अशा स्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून ते नवं रूप रोज मनात घोळवण्याची उपचारपद्धती आहे आणि तिचा उपयोग होतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

बाकी सर्वांना माझं सांगणं एवढंच की आपलं स्वप्न दुसऱ्याच्या हवाली करण्याआधी ते एकदा स्वतः नीट वाचा. तुकोबांना विद्यापीठ लागलं नाही, बहिणाबाईंना कुणाची परवानगी लागली नाही. दोघांनी आपल्याला जे दिसलं ते खरं धरलं, आपल्या जगण्याशी ताडून पाहिलं आणि त्यावर पाऊल उचललं. स्वप्न पाहणारा शेतकरी असो, शिक्षिका असो की बारावीत नापास झालेला मुलगा, त्याच्या स्वप्नाबद्दल त्याच्याइतकं जगात कुणालाही ठाऊक नाही. हा अधिकार त्याच्या हाती परत द्यावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

अड्याळ, जि. भंडारा